वीतभर हरिणीचा डावा कान

एका जंगलात, जिथे तुमच्या शाळेची सहल कधीच जाणार नाही, एक गवा राज्य करीत होता. मनाने तो वाईट नव्हता. फक्त रोज सकाळी तो ओढ्याच्या वरच्या अंगाला मनसोक्त लोळायचा, आणि खालच्या अंगाच्या प्राण्यांना दिवसभर गढूळ पाणी प्यावं लागायचं. त्यांनी अर्ज दिले, शिष्टमंडळं नेली. महाराज मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच लोळत.

शेवटी दरबारात चर्चा झाली. आपल्या राज्यात ऐकून घेण्याची वृत्ती कमी झाली आहे, हे सगळ्यांना पटलं. म्हणून त्या वृत्तीचं एक भव्य स्मारक उभारायचं ठरलं. हसू नका, मुलांनो. मोठेपणी तुम्हीही अशाच एखाद्या समितीवर असाल.

काम तांबटाकडे आलं. तांबट म्हणजे तो हिरवा, कपाळाला लाल टिळा असलेला पक्षी. दिवसभर टुकटुक चाललेली असते, म्हणून लोकांना वाटतं, तो गातो. तो काम करत असतो. जन्मभर त्याने घंटा आणि समया ओतल्या होत्या. आता वय झालं होतं. एक तरी मोठं काम मनासारखं पुरं व्हावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने आधी नमुना केला. मेणाची हरिणी घडवली, तिच्यावर मातीचा लेप दिला, मेण वितळवून काढलं आणि त्या जागी ब्राँझ ओतलं. वीतभर उंचीची हरिणी, मान वळवलेली, उजवा कान राजवाड्याकडे टवकारलेला. फार सुरेख उतरली होती. डाव्या कानाच्या जागी मात्र धातूचा नुसता गोळा होता. तो कान तक्रार घेऊन येणाऱ्यांकडे वळवायचा होता आणि स्मारकाची जागा अजून ठरायची होती. जागा पाहू आणि मग कान काढू, असं तांबटाने ठरवलं.

चूक एकच झाली. वाटेत धूळ बसू नये म्हणून त्याने नमुन्यावर फडकं टाकलं आणि चौरंगावर ठेवून तो दरबारात नेला.

बावीस वर्षं महाराजांसमोर फडक्याखाली जे जे आलं, त्याचं त्यांनी अनावरण केलं होतं. त्यांनी फडकं ओढलं. कारभारी उदमांजराने सवयीने हार पुढे केला. कुणीतरी नारळ फोडला. भाषणंसुद्धा झाली. हा नमुना आहे, नुसता नमुना आहे, असं तांबट सारखा सांगत होता. मंगल गीत छान झालं, असं सगळे म्हणाले.

भाषणं संपल्यावर त्याने उदमांजराला गाठलं.

"कारभारीसाहेब, डावा कान व्हायचाय अजून. मला फक्त चार दिवस द्या."

"आता नारळ फुटला, तांबट. छिन्नी लावलीत तर लोकांच्या भावना दुखावतील."

"कुठल्या लोकांच्या?"

"ते आम्ही बघून घेऊ."

त्या राज्यात तशी रीतच होती. नारळ फुटलेल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही. ओढ्यावरच्या अर्ध्या पुलावरही असाच घाईने नारळ फुटला होता, आणि ससे अजून त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरत.

मोठं स्मारक रद्दच झालं. एका वृत्तीच्या दोन मूर्ती कशाला? वीतभर हरिणीसाठी साठ फुटांचा चौथरा बांधला गेला, तोही महाराजांच्या लोळायच्या जागेशेजारी. खालून ती दिसत नसे. घारींना दिसे, आणि त्यांचे अभिप्राय चांगले होते.

तांबट वर्षभर अर्ज करत राहिला. सोबत कानाचं चित्र जोडत राहिला. उत्तरादाखल त्याचा सत्कार झाला. त्यासाठी एक विद्वान घुबड भर दुपारी जागं राहिलं आणि त्याने त्या गोळ्याचा अर्थ उलगडून दाखवला. राजाने एका कानाने प्रजेचं ऐकावं आणि दुसरा चहाडखोरांसाठी बंद ठेवावा, असं मूर्तिकाराला सुचवायचं आहे म्हणे. महाराजांना हे फार आवडलं. ओढ्याच्या तक्रारी ते तेव्हापासून डाव्या बाजूनेच ऐकू लागले.

तांबट उत्तरादाखल एवढंच बोलला, की काम अपुरं आहे आणि मला त्याची लाज वाटते. त्याच्या विनयाचं कौतुक झालं. घरी येऊन तो रडला. तांबटीण शेजारी बसून राहिली.

मग शेजारच्या जंगलाचं बोलावणं आलं. त्यांनाही तीच हरिणी हवी होती, चांगली सहा फुटांची. तांबट स्वतः जाऊन जागा पाहून आला. सहा महिने खपला. डावा कान त्याने पाणवठ्याच्या वाटेकडे वळवला आणि इतका पातळ काढला, की आता हलेल असं वाटावं. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःचं काम आवडलं. तो दिवसातून दहादा तिच्याभोवती फिरे आणि खूश होई.

समिती पाहायला आली. अध्यक्ष मुंगूसबाईंनी हरिणीला दोन प्रदक्षिणा घातल्या.

"तांबटकाका, काम छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ही ती नव्हे. मूळ हरिणीला डावा कान नाही. आम्हाला नक्कल नको, अस्सल हवी."

"बाई, ही पुरी झालेली आहे. ती अपुरी होती."

"असेल. पण अस्सल नसेल तर ही वितळवा आणि आम्हाला शाळेच्या घंटा करून द्या."

तांबट हरिणीभोवती एकदा फिरला. मग त्याने तांबटिणीकडे करवत मागितली. ती नाही म्हणाली. तेव्हा तो स्वतः उठला आणि घेऊन आला. कान कापायला दुपार गेली, कारण त्याने तो पक्का बसवला होता. कान खाली पडला तेव्हा तांबटिणीने तो उचलून पदरात घेतला.

समितीने हरिणीला हार घातला आणि नारळ फोडला.

तात्पर्य: काम अपुरं असतानाच नारळ फोडून घ्यावा. पुऱ्या झालेल्या कामाला अर्थ लावायला जागा कुठे उरते? आणि मुलांनो, उद्या गृहपाठ अर्धाच झाला असेल तर वहीला आधी हार घाला, मगच ती बाईंना दाखवा.