कासविणीचे पान

एका जंगलात दप्तरखाना होता. मुलांनो, हसू नका. जंगल म्हटले की हद्दी येतात, हद्दी आल्या की भांडणे येतात, आणि भांडणे आली की कागद लागतातच. इथे कागद म्हणजे सागाची पाने.

हा दप्तरखाना एका गुहेत होता आणि साळिंदर तो सांभाळत असे. लेखणी हवी असली की तो आपल्याच पाठीवरचा एक काटा उपटायचा. त्याची कामाची पद्धत साधी होती. जे पान ज्या दिवशी आले, ते त्या दिवशीच्या रुमालात बांधायचे. रुमाल म्हणजे तुम्ही नाक पुसता तो नव्हे. दप्तर बांधायचे मोठे फडके. पानात काय लिहिले आहे याची साळिंदर फारशी चौकशी करत नसे. पण कोणतेही पान मागा, नुसती गाठ बघून काढून द्यायचा.

या दप्तरात कासविणीचे एक पान होते. थोरल्या वाघमहाराजांचा पंजा उमटलेला हुकूम होता तो. 'चैत्र ते ज्येष्ठ नदीकाठच्या वाळूत कासविणीची अंडी असतात. तेथे कोणी पाय ठेवू नये. गव्यांनी वरच्या वाटेने पाण्यावर जावे.'

कासवीण अंडी वाळूत पुरायची. वरून काही म्हणजे काही दिसायचे नाही. ती तिथे आहेत हे सांगणारे अख्ख्या जंगलात ते एकच पान. दरवर्षी चैत्रात गवे नदीवर आले की साळिंदर ते मोठ्याने वाचायचा. गवे माना डोलवायचे आणि वरच्या वाटेने जायचे. गवे तसे पापभीरू होते. फक्त वजनाने जास्त होते.

एके वर्षी दूरदेशी शिकून आचार्य वटवाघूळ परत आले. आचार्यांनी उलटे लटकून पुष्कळ वाचले होते. त्यामुळे सरळ उभे राहणाऱ्यांचा त्यांना संशय येत असे.

त्यांनी भर सभेत एक रुमाल सोडला आणि एक पान वाचले. 'आज हरिणी स्वखुशीने महाराजांच्या भोजनास आली.'

"हे कोणी लिहून घेतले?" आचार्यांनी विचारले.

"महाराजांनी," साळिंदर म्हणाला.

"आणि हरिणीला कोणी विचारले?"

मागून एक हरिण म्हणाले, "ती माझी आई होती."

मुलांनो, इथे मला खोटे बोलता येणार नाही. वटवाघळाचे बरोबर होते. साळिंदराने असली कितीतरी पाने गाठी मारून मारून ठेवली होती. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा आपल्या पंजांची लाज वाटली.

"मी काय, आलेले पान बांधतो," तो पुटपुटला.

"बांधणारा कधीच तटस्थ नसतो, साळिंदरकाका. तुमच्या गाठीतसुद्धा सत्ता आहे. आणि पानाला स्वतःचा असा अर्थ नसतो. वाचणारा तो लावतो."

वाघमहाराज थोडे अस्वस्थ झाले. त्यांनी आचार्यांना बाजूला घेतले.

"म्हणजे आमच्या वडिलांनी दिलेली वचनेसुद्धा?"

"तीसुद्धा, महाराज. ती वाचाल तशी."

"आणि आधी कोण वाचणार?"

"प्रथेप्रमाणे आपणच."

महाराजांना हा विचार फारच पुरोगामी वाटला. आचार्यांना दप्तरखान्याचे प्रमुख नेमण्यात आले. नेमणुकीच्या हुकमाचा अर्थ मात्र एकच निघाला.

मग सगळे रुमाल सोडले गेले. तारखेने लावलेली पाने ही म्हणे तारखेची दादागिरी होती. हद्दी, हुकूम, पाणवठे ही खाती बंद झाली. त्याऐवजी आकांक्षा, वेदना आणि मौन अशी तीन खाती आली. मौन खात्यात एकही पान नव्हते. ते सर्वांत मोठे खाते होते. हरिणीचे पान कुठे गेले म्हणाल, तर ते आकांक्षेत गेले. कुणाच्या, ते विचारू नका.

चैत्र आला. कासविणीने बावीस अंडी पुरली आणि ती सरपटत दप्तरखान्यात आली.

"साळिंदरकाका, माझं पान काढता ना? गवे उद्या येतील."

"वेदनेत आहे," साळिंदर म्हणाला.

"असू दे की. काढा."

"वेदनेतलं पान नदीवर वाचता येत नाही. नुसतं समजून घ्यायचं असतं, असा नवा नियम आहे."

कासवीण आचार्यांकडे गेली. आचार्यांनी तिचे सगळे शांतपणे ऐकले. त्यांचे डोळेही पाणावले. ते वाईट नव्हते.

"बाई, तुमचे कथन मला फार मोलाचे वाटते," ते म्हणाले.

"कथन नाही हो. अंडी आहेत."

"अंडी हीसुद्धा एक मांडणीच."

"बावीस आहेत. उकरून दाखवू? पण उकरली तर मरतील हो."

"नको, नको. पुराव्याचा हा हट्टच तर आपल्याला मोडायचा आहे."

दुसऱ्या दिवशी गवे आले. सवयीप्रमाणे ते वाळूच्या कडेला थांबले आणि कोणी काही वाचते का म्हणून वाट बघू लागले. म्हातारा गवा म्हणाला, "दरवर्षी काहीतरी वाचतात बुवा. काय ते, ध्यानात नाही. ऐकलं की वळतो आम्ही."

कासवीण साळिंदराकडे वळली. "काका, तुम्हाला तोंडपाठ आहे. म्हणा ना. पान नसलं तरी चालेल."

साळिंदराला ते खरेच तोंडपाठ होते. त्याने तोंडही उघडले. पण त्याला हरिणीचे पान आठवले. आपला आवाज म्हणजे सत्तेचा आवाज, असे त्याला महिनाभर समजावण्यात आले होते, आणि ते त्याला मनापासून पटले होते. सज्जनाला एखादी गोष्ट पटली की तो फार धोकादायक होतो.

"मी कोण सांगणारा?" तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

"काका, अहो वळतील ते! एवढं म्हणा!"

"प्रत्येकाने आपापला अर्थ लावावा," आचार्य फांदीवरून म्हणाले.

गव्यांनी आपसात चर्चा केली. "आमचा अर्थ असा, की तहान लागलीय," म्हातारा गवा म्हणाला. कळप सरळ वाळूतून चालत गेला, पाणी प्यायला आणि त्याच वाटेने परत आला.

वाळू वरून पूर्वीसारखीच दिसत होती. थोडी ओली झाली होती, एवढेच.

चौकशी झाली. अंडी होती की नव्हती याबद्दल दोन्ही बाजू तितक्याच आदराने नोंदवण्यात आल्या. मौन खात्यात एक कोरे पान सन्मानाने लावण्यात आले. आचार्य त्यावर फार सुंदर बोलले. कासवीण आली नव्हती.

ती वाळूवर बसून होती. साळिंदर तिच्याजवळ गेला. त्याने तो हुकूम म्हटला. चैत्र ते ज्येष्ठ, वाळू, अंडी, गवे, वरची वाट, अगदी थोरल्या महाराजांच्या पंजापर्यंत. एक शब्द चुकला नाही.

कासविणीने सगळे ऐकून घेतले.

"पाठ छान आहे, काका," ती म्हणाली, आणि पाण्यात गेली.

तात्पर्य: मुलांनो, अंडी घालण्यापूर्वी ती आहेत याबद्दल सर्वांचे एकमत करून घ्यावे. तेवढे थांबणे जमत नसेल, तर गवा म्हणून जन्माला यावे. गव्याला कागद लागत नाही.