'तोफ आणि मोगरा'चा गुणदोष तक्ता

"युद्ध माणसाला पवित्र करते आणि प्रेम त्या पावित्र्यावर शिक्कामोर्तब करते," असे नायब तहसीलदार कल्याणराव यांनी सोनपेठच्या बाजारपटांगणातल्या तंबूत, लोखंडी खुर्चीवरून जाहीर केले. आणि लगेच, खुर्चीचा एक खिळा वर आला आहे, खाली घ्यायला काही मऊ मिळेल काय, अशी चौकशी केली.

अव्वल कारकून बन्सीधर बाहेर धावला. तंबूच्या दाराशी कडूबाई घोंगडी अंथरून बसली होती. साहेबांना पाहिजे म्हटल्यावर ती उठली, घोंगडी झटकली, चौघडी करून दिली आणि मातीत बसली. घोंगडी तिच्या नवऱ्याची होती. नवरा मात्र नऊ वर्षांपासून नव्हता.

सटवाजी अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला, तो गेलाच. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मेला असे धरावे, असे कायदा म्हणतो. त्यामुळे जमिनीचा पट्टा आपल्या नावावर व्हावा, अशी कडूबाईची दरखास्त होती. ती निजामाच्या सवयीने उर्दूत लिहिली गेली, हैदराबाद राज्यात तिचा इंग्रजी तर्जुमा झाला आणि आता मुंबई राज्य आल्यावर मराठी. अर्ज तीन भाषांत होता. उत्तर एकाही भाषेत नव्हते. मृग पंधरा दिवसांवर आला होता, आणि तोवर कागद झाला नाही तर शेतात आपली तिफण चालेल, असे तिच्या दिराने चारचौघांत सांगून ठेवले होते. एक दस्तखत तेवढी राहिली होती, कल्याणरावांची. म्हणून बन्सीधरनेच तिला सांगितले होते, "तंबूवर ये. साहेब तीन दिवस तिथंच आहेत."

साहेब तिथे का होते, त्याला परिपत्रक कारण होते. गावोगाव फिरणाऱ्या प्रत्येक सिनेमाचे गुण व दोष स्थानिक समितीने तपासून सोबतच्या तक्त्यात भरावेत, असे वरून आले होते. सोबत तक्ता नव्हता. समितीत एक सभासद गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे जनावरांच्या प्रदर्शनातले छापील तक्ते उरले होते. सरकारी कागद वाया जाऊ नये या सद्हेतूने तेच घेण्यात आले.

चित्रपट होता 'तोफ आणि मोगरा'. तंबूचे मालक मन्मथअप्पा हात जोडून म्हणाले, "सोळा रिळं हायती साहेब, आन् हर रिळात एक रडू हाय. पैसे मागं मागितले कुनी तर माझं नाव बदला."

तक्ता भरू लागला. दात: नायिकेचे पूर्ण, संकटातही दिसतात. चाल: नायकाची उत्तम, गोळी लागल्यावर अधिक डौलदार. स्वभाव: मारका नाही, शत्रूसुद्धा गाणे संपेपर्यंत तोफ डागत नाही. हा शेवटचा मुद्दा गुणात घालावा की दोषात, यावर पहिली संध्याकाळ गेली. अखेर शत्रूचा गुण आणि तोफेचा दोष, असा तोडगा निघाला.

दुसऱ्या दिवशी कल्याणरावांना खरा दोष सापडला. नायक लढाईवर जातो आणि बारा वर्षांनी परततो.

"रजेचा अर्ज?" त्यांनी विचारले.

"बेहोश होता साहेब," मन्मथअप्पा म्हणाले.

"बारा वर्षं?"

"दोन रिळं."

"आणि ती तोवर वाट पाहते. हे पटायचं कसं? बाई एवढी थांबते का?"

बन्सीधरला इथे संधी दिसली. तो अदबीने म्हणाला, "साहेब, अशी वाट पाहणारी एक बाई दारातच बसली आहे. तज्ज्ञ म्हणून बोलवावी काय?" मनात त्याने हिशेब केला होता की साक्षीच्या कागदाखाली दरखास्त सरकवली की दोन्हींवर सही होऊन जाईल.

कडूबाईला पडद्यापुढे जमिनीवर बसवून रिळे दाखवण्यात आली. दिवे लागल्यावर कल्याणरावांनी विचारले, "हं बाई. कसा वाटला?"

"लय चांगला हाय साहेब. तोफा तर लय भारी वाजायल्यात. पर ती बाई बारा वर्सं खिडकीतच हुबी हाय. तिचं रान कोन पेरायलंय?"

गुरांच्या डॉक्टरांनी तक्त्यात रानाचा रकाना शोधला.

"आन् दीर कुठं हाय तिचा? दीर न्हाई म्हनून गानं सुचायलंय तिला. टाचा बी पहा, जरासुद्धा भेग न्हाई."

"ते असू दे," कल्याणराव म्हणाले. "वाट पाहणं खरं आहे का, तेवढं सांग."

"वाट पाहनं खरंच हाय की."

"लिहा, बन्सीधर."

बन्सीधरने लिहिले. 'चित्रपट जीवनाशी शंभर टक्के प्रामाणिक असल्याची ग्वाही प्रत्यक्ष अनुभवी स्त्रीने दिली.' हे वाक्य त्याला कुठल्याही कागदावर लिहायची सवय होती. बियाण्यांच्या अहवालातही त्याने ते एकदा लिहिले होते. कडूबाईचा अंगठा घेतला. तिच्या स्वतःच्या कामाला दोन वर्षे पुरली नव्हती. सिनेमाचे पाव तासात उरकले.

तिसऱ्या दिवशी, गावासाठी लावलेल्या भरल्या खेळात, तेरावे रीळ संपून चौदावे चढेपर्यंत दिवे लागले, तेव्हा अहवालावर सही झाली आणि बन्सीधरने त्याखालून दरखास्त पुढे सरकवली. सटवाजीच्या घोंगडीवर ऐसपैस बसलेल्या साहेबांचा हात थांबला. त्यांनी दरखास्त वाचली. आयुष्यात प्रथमच पूर्ण वाचली.

"बाई, तुझा नवरा लढाईवर गेला?"

"व्हय."

"खबर नाही?"

"न्हाई."

"बन्सीधर, काल आपण काय प्रमाणित केलं? हा चित्रपट जीवनाशी शंभर टक्के प्रामाणिक आहे. त्यात नवरा कितव्या वर्षी परततो?"

"बाराव्या. पण साहेब, ते सिनेमातलं..."

"कागदावर अक्षर तुमचं आहे, अंगठा बाईचा आहे. उद्या सटवाजी स्टेशनावर उतरला तर जिवंत माणसाची जमीन वाटल्याचा ठपका कुणावर? नऊ झाली, तीन राहिली." आणि त्यांनी समासात लिहिले, 'तीन वर्षांनी सादर करावे.' मग डोळे टिपून म्हणाले, "बाई, तुझ्यासारख्यांमुळंच असे चित्रपट निघतात."

मन्मथअप्पांनी घंटा वाजवली. दिवे गेले. बाहेर कुठे तरी आभाळ वाजले की पडद्यावरची तोफ, ते कळले नाही. चौदावे रीळ सुरू झाले. धुरातून आगगाडी आली.

कडूबाई खुर्चीपुढे उभी राहिली. "साहेब, मग उठा जरा. खालची घोंगडी आमची हाय. ते येनार म्हंताव, तर लागंल त्याईला."

"एवढं रीळ होऊ दे," पडद्यावरची नजर न काढता कल्याणराव म्हणाले.

ती तशीच उभी राहिली, घोंगडीची वाट पाहत. यंत्राचा झोत तिच्या तोंडावर पडला आणि तिची सावली पडद्यावरच्या स्टेशनावर, नेमकी डब्याच्या दारात पडली. तंबूत साडेतीनशे माणसे होती, आणि सगळ्यांचे डोळे ओले होते. बन्सीधरने हे दृश्य दोनदा पाहिले होते. तरी त्यानेही मान जराशी तिरकी केली.

मागून कोणी तरी, फार समजुतीने, म्हणाले, "मावशी, जरा खाली बसा की. तिचा नवरा यायलाय. दिसंना आमाला."