समास कुरतडणारी उंदरीण

एका जंगलात देवाचा शब्द होता, पण तो कुणालाच कळत नव्हता. तो हत्तींच्या जुन्या बोलीत होता आणि हत्ती केव्हाच जंगल सोडून गेले होते. अर्थ सांगायचा मक्ता तळ्यावरच्या बगळ्यांकडे होता.

मग मुलांनो, वडावरच्या कावळ्यांनी त्याचं रोजच्या बोलीत भाषांतर केलं. बगळे म्हणाले, "भाषांतर हे पाप आहे." पण सगळं जंगल कावळ्यांची पोथी वाचू लागलं, तेव्हा तेच म्हणाले, "पाप करायचंच, तर ते अधिकारी मंडळींच्या हातून व्हावं." आणि त्यांनीही आपलं भाषांतर काढलं.

दोन्ही पोथ्यांच्या समासात टिपा होत्या. कावळ्यांच्या टिपांत बगळ्यांना शिव्या, बगळ्यांच्या टिपांत कावळ्यांना. जंगल आधी टिपाच वाचायचं.

त्या साली गादीवरचा सिंह कावळ्यांच्या पंथाचा होता. बगळ्यांची पोथी बाळगेल त्याला मगरीपुढे टाका, असा हुकूम सुटला. भिका उंदराच्या बिळात ती सापडली. त्याला बांधून नेलं. त्याची बायको सगुणा धावत वडाखाली गेली.

तिथे काकशास्त्री आपला नवा ग्रंथ विकत बसले होते. पानाच्या डावीकडे बगळ्यांची अख्खी पोथी, उजवीकडे कावळ्यांची, दोन्ही समासांतल्या टिपांसकट. बगळ्यांचा खोटेपणा ओळीओळीला दिसावा म्हणून. ग्रंथ जोरात खपत होता.

"शास्त्रीबुवा, माझ्या नवऱ्याकडे सापडलं तेच तुम्ही विकताय," सगुणा म्हणाली.

"आम्ही खंडनासाठी विकतो, बाई. तो वाचायला बाळगतो."

"मग त्यानेही खंडनासाठीच ठेवलं होतं असं धरा."

"त्याला खंडन येतं?"

"नाही हो. त्याला नुसतं वाचता येतं."

"तिथेच तर गुन्हा आहे."

सगुणाने एक प्रत घेतली आणि तिथेच वाचायला बसली. डावीकडे होतं, 'दाराशी आलेल्याला हाकलू नका.' उजवीकडे होतं, 'दारी आलेल्याला घालवून देऊ नका.' पुढेही सगळं असंच.

दरबारात तिने सर्वांदेखत त्यातल्या एका पानाचे समास दातांनी कुरतडून काढले. मधोमध फाडून दोन पट्ट्या केल्या आणि उलटसुलट करून पुढे ठेवल्या.

"शास्त्रीबुवा, यातली तुमची कुठली?"

काकशास्त्र्यांनी एक उचलली. खाली ठेवली. दुसरी उचलली. शेवटी कैदेतल्या बगळेमहाराजांना बोलावणं गेलं. त्यांनी मान वाकडी करून दोन्ही पट्ट्या पाहिल्या.

"टिपा कुठायत?" ते म्हणाले.

"कुरतडल्या," सगुणा म्हणाली. "एकच तर आहे सगळं. सोडा आता माझ्या नवऱ्याला."

सिंहाला हसू फुटलं. दोघे विद्वान मात्र कोपऱ्यात गेले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच एकमेकांशी हळू आवाजात बोलले. परतले ते एकमताने.

पोथी बाळगणं हा किरकोळ गुन्हा ठरला. भिकाला सोडून दिलं. समास कुरतडणं हा दोन्ही पंथांचा घोर अपमान ठरला. सगुणाला मगरीकडे नेलं.

जाता जाता ती भिकाला म्हणाली, "अहो, बिळाचं तोंड लिंपायचं राहिलंय. तेवढं बघा."

तात्पर्य : देवाचं म्हणणं एकच निघालं, तर दोन मठ चालायचे कसे? म्हणून मुलांनो, देवाचा शब्द हवा तसा फिरवा, कुणी काही म्हणणार नाही. शिव्या तेवढ्या जशाच्या तशा राहू द्या.