डोकं एक, वस्तू दोन

कायमस्वरूपी बदल हा नेहमी वरून खाली येतो. बांधकामात तर बहुतेक गोष्टी वरूनच खाली येतात. (आदेश, विटा, कधी मिस्त्री.)

हे ओळखून परभणीतल्या आमच्या बांधकाम उन्नती मंडळाने यंदा या क्षेत्राचा कायापालट करायचं ठरवलं. मंडळावर सात जण. सहा जणांनी स्वतःची घरं बांधून घेतलेली, सातव्याने ठराव टाइप केला. ठराव असा: साइटवरच्या प्रत्येक डोक्यावर हेल्मेट, नसेल त्याला काम नाही.

सुरुवात पिंगळी रस्त्यावरच्या एका चार मजली इमारतीपासून झाली. तिथे मालनबाई डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेलं ठेवून माल वाहतात. अठरा वर्षं झाली. हेल्मेट पिवळं, गोल, गुळगुळीत. त्यावर चुंबळ टिकेना आणि चुंबळीविना घमेलं टिकेना.

"साहेब, टोपी घालू का माल वाहू? डोकं एकच हाय," त्या इंजिनिअर आदिनाथना म्हणाल्या.

"दोन्ही करायचंय मावशी. वरून आलंय."

"मग वरच्याला म्हणावं, घमेलं घेऊन एक चक्कर टाक."

"कशाला हुज्जत घालायलाव," बन्सीधर मिस्त्री मधे पडले. "हाजरी जाईल."

मालनबाईंना हजेरी बुडणं परवडत नव्हतं, आणि डोकं फुटणंही. (दोन्हींची तुलना करणारा तक्ता मंडळाकडे आहे. सध्या कोरा आहे.)

मंडळाने तातडीने तीन पर्याय तपासले: घमेलं बदलणं, हेल्मेट बदलणं, मालनबाई बदलणं. तिसरा सर्वांत सोपा ठरला. परंतु नवी बाईही एकाच डोक्याची निघाली, म्हणून मालनबाईंनाच परत बोलावलं. अखेर सुवर्णमध्य निघाला. काम करताना चुंबळ, काम नसताना हेल्मेट. तेव्हापासून मालनबाई भाकरी खाताना पूर्ण सुरक्षित असतात. त्या वेळेत आजवर एकही अपघात नाही. यश शंभर टक्के.

गेल्या मंगळवारी, भाकरीच्या वेळेआधी, तिसऱ्या मजल्यावरून सेंटरिंगची फळी आली. डोकं चार बोटांनी हुकलं, खांद्याला सहा टाके पडले, अर्धी हजेरी गेली. हेल्मेटवर मात्र ओरखडाही नाही, अशी अहवालात समाधानपूर्वक नोंद आहे.

रविवारी तेच हेल्मेट घालून तुम्ही आपला फ्लॅट बघायला आलात. खांदा बांधलेल्या मालनबाई घमेलं घेऊन समोरून गेल्या, तेव्हा कपड्यांना लागू नये म्हणून तुम्ही जरा मागे सरलात. मग आदिनाथना एकच शंका विचारलीत: देवघर ईशान्येलाच येतंय ना?