चौथ्या पिढीचे जनावर

कॉन्रॅड तुस्कानोच्या गोठ्यात सहा बैल होते आणि त्यांच्या जोरावर वाडीतला रहाट दिवसभर फिरत असे. त्याचा मुलगा फर्डिनंड याने बैल तीनवर आणले, पण दोन म्हशी बांधल्या, त्यामुळे घराची पत होती तिथेच राहिली. फर्डिनंडचा मुलगा प्लासिड याच्या काळात विहिरीवर इंजिन आले, गोठा रिकामा झाला आणि जनावर म्हणून उरल्या त्या कोंबड्या. तरी प्लासिडचा कोंबडा साऱ्या भुईगावात नावाजलेला होता. या प्लासिडचा मुलगा बेसिल माणिकपूरच्या एका पतपेढीत कारकून होता, आणि १९७८ सालच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी, खिशात बारा रुपये घालून, तो उंदीर विकत घ्यायला निघाला होता.

अर्थात उंदीर हा शब्द त्याने घरात उच्चारलेला नव्हता. त्याची आई सालोमी हिचे उंदरांशी उघड युद्ध चालू होते. माळ्यावरचे बी-भात आणि सुकवायला ठेवलेली केळी यांवर उंदरांनी एकदा हात मारला, त्या दिवसापासून तिने घरात चार लोखंडी सापळे मांडले होते आणि आळीतल्या मुलांना मेलेल्या उंदराच्या शेपटीमागे पाच पैसे जाहीर केले होते. शेपट्या ती स्वतः मोजून घेत असे. अशा घरात पैसे मोजून जिवंत उंदीर आणणे म्हणजे काय, हे बेसिलला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण त्याचा नाइलाज होता. त्याची आठ वर्षांची मुलगी लूर्डस आंब्यावरून पडली होती आणि तिच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होते. डॉक्टरांनी सहा आठवडे खाटेवर सांगितले होते. नेमक्या याच दिवसांत तिच्या वर्गाचा पहिला कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा, होता. तिचा पांढरा झगा शिवून आला होता आणि खुंटीला टांगलेला होता. बाकीच्या मुली तालमीसाठी देवळाकडे जात, त्या खिडकीवरूनच जात. लूर्डस रडली असती तर बेसिलला सोपे गेले असते. ती रडत नव्हती, फक्त भिंतीकडे तोंड करून पडत होती. शेवटी एका संध्याकाळी तिने विचारले होते, "पप्पा, ब्लँकेटवर मावेल असं एखादं जनावर मिळतं का?"

"मिळतं की," बेसिल म्हणाला होता.

"केसाळ पाहिजे. चावणारं नको. आणि शेपूट नको. शेपूट असली तर मोठी आय त्याचे पाच पैसे करेल."

"रविवारपर्यंत आणतो," असे बेसिलने कबूल केले, आणि मग त्याने पत्नीला पैसे मागितले.

मार्गारेटने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. एक्स-रे आणि प्लास्टर यांनी तो डबा बराच हलका करून ठेवला होता. "बारा आहेत," ती म्हणाली. "तेरावा मागू नका. आणि आयला सांगितलंत का?"

"आणल्यावर सांगतो."

"बरं. तेव्हा मी विहिरीवर असेन."

वसईच्या बाजारात पोपट आणि मुनिया विकणारा एक माणूस बसे. त्याच्याकडे पांढऱ्या उंदरांची पेटी होती. उंदीर देखणे होते, स्वच्छ होते, आणि प्रत्येकाला वीतभर गुलाबी शेपूट होती.

"जोडी घ्या, साहेब. सहा रुपये."

"बिनशेपटीचा नाही का?"

"बिनशेपटीचा उंदीर? साहेब, हा बाजार आहे, कारखाना नाही." मग त्याने गिऱ्हाइकाचा पडलेला चेहरा पाहिला आणि मागून एक टोपली ओढली. आत तपकिरी-पांढऱ्या रंगाचे, पावाएवढे गुबगुबीत काहीतरी गवत खात बसले होते. "हा गिनीपिग. याला शेपूट नाही, पण किंमत आहे. अठरा."

"बारा."

"बारा रुपयांत मी तुम्हाला त्याची टोपली देतो. रिकामी."

घासाघीस पंधरावर येऊन थांबली आणि पुढे सरकेना. ब्लँकेटवर ठेवायला ते जनावर जणू मापाने बनवलेले होते. बेसिलने त्याच्या पाठीवरून एकदा बोट फिरवले आणि तो उठला. तेवढ्यात त्याच्या शेजारी एक सायकल थांबली. खाडीकडचा हरेश्वर, शाळेपासूनचा मित्र, वाल विकून घरी चालला होता.

"काय रे, तू इथं? पोपट पालतोस आता?"

बेसिलने त्याला सगळे सांगितले. हरेश्वर सायकलच्या दांडीवर हात आपटून हसला. "अरे येड्या, उद्या तुमच्या देवळाचा सन ना? लिलाव हाय ना संध्याकाळी? तुमचा तो हिलरी कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला हाय, तो मला कालच म्हनाला. तिथं गिनीपिग भारी वाढले म्हनून एक त्याने देवळाला दिलाय."

"लिलावात?"

"लिलावातच. तुमच्या लोकांना फनस पाहिजे, कोंबडा पाहिजे. बिनशेपटीचा उंदीर कोन घेनार? दोन रुपयांत सुटेल बघ. उरलेल्या दहांत पोरीला खाऊ आन."

हा सल्ला इतका सरळ होता की त्यात खोट निघेल असे बेसिलच्या मनातही आले नाही.

सणाचा लिलाव देवळासमोरच्या मांडवात भरला. एका बाजूला पुरुष बसले, दुसऱ्या बाजूला बायका. मार्गारेट मुलीपाशी घरी राहिली होती; सालोमी मात्र लाल लुगडे नेसून, बायकांच्या पहिल्या बाकावर, आपल्या नेहमीच्या जागी ताठ बसली होती. लिलाव पुकारायचा मान वॉल्टरचा. त्याचा आवाज असा होता की देवळाची घंटा बिघडली तरी गावाचे अडले नसते.

फणस गेले, केळीचे घड गेले, एका कोंबड्यावरून दोन साडूंची बोलणी बंद झाली. मग वॉल्टरने झाकणाची टोपली उचलली, फटीतून आत पाहिले आणि तोंड लांब केले.

"हे हिलरीने दिलंय. याला काय म्हणतात ते त्यालाच विचारा. अंडी देत नाही, राखण करत नाही, कालवण याचं करायचं नसतं. बोला."

मांडवात हशा पिकला. बेसिलने तेवढ्यात हात वर केला. "एक रुपया."

"दोन," बायकांकडून आवाज आला. कॅथरिन टीचरला ते शाळेत मुलांना दाखवायला हवे होते.

बेसिलने सणाला आलेल्या आणि शेजारीच बसलेल्या हरेश्वरकडे पाहिले. हरेश्वरने मांडवाच्या छताकडे पाहिले. तीन झाले, चार झाले. टीचरबाई वर्गात पाढे म्हणवून घ्याव्यात तशा एकेक आकडा ठामपणे चढवत होत्या. दहावर त्यांनी पर्स उघडून आत पाहिले. बेसिल म्हणाला, "अकरा." टीचरबाईंनी पर्स बंद केली.

"अकरा एक वार. अकरा दोन वार. अकरा तीन वार. बेसिल तुस्कानो."

बेसिल पुढे गेला, त्याने अकरा रुपये पेटीत टाकले आणि टोपलीसाठी दोन्ही हात पुढे केले. वॉल्टरने टोपली हातांत दिली नाही. ती त्याने डोक्यावर उचलून धरली.

"मंडळी, कॉन्रॅडने लिलावातली वस्तू कधी घरी नेली नाही. फर्डिनंडने नेली नाही. आमच्या प्लासिडने नेली नाही. बोली जिंकायची, पैसे पेटीत टाकायचे आणि वस्तू देवाला परत द्यायची, पुन्हा लिलावाला. ही त्या घराची रीत. आज बेसिलने पहिल्यांदा बोली लावली आणि घराण्याचं नाव राखलं. टाळ्या."

टाळ्या झाल्या. फादरांनी मान डोलावली. बेसिल हात पुढे करून तसाच उभा होता. रीत त्याला ठाऊक नव्हती असे नाही. पण वडील गेल्यापासून त्याने लिलावात कधी तोंडच उघडले नव्हते, आणि गिनीपिगाचा विचार करताना पणजोबांचा विचार करावा लागेल हे त्याला सुचले नव्हते. समोर सालोमीच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिच्याकडे वळून काहीतरी चांगले बोलत होत्या. त्याने हात मागे घेतले आणि तो जागेवर येऊन बसला.

"बोल की," हरेश्वर कुजबुजला. "सांग, मला पाहिजे म्हनून."

"काय सांगू? तीन पिढ्यांनी परत दिलं, मला परवडत नाही?"

"तुला परवडत नाहीच."

"ते साऱ्या गावाला सांगायचं का?"

"मग पोरीला काय सांगशील?"

तिकडे वॉल्टरने पुन्हा सुरुवात केली होती आणि टीचरबाईंनी तीन रुपये म्हटले होते. बेसिलच्या खिशात एक रुपया होता. हरेश्वरने सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. चार रुपये आणि वालाचे दोन दाणे निघाले.

"पाच," बेसिल म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटले.

"सहा," टीचरबाई म्हणाल्या.

हरेश्वरने दाणे खिशात परत टाकले. बेसिलला खुंटीवरचा झगा दिसू लागला. "सहा एक वार," वॉल्टर म्हणाला. "सहा दोन वार."

"वीस."

साऱ्या माना वळल्या. आवाज बायकांच्या पहिल्या बाकावरून आला होता.

"सालोमी काकी," वॉल्टर जपून म्हणाला, "वीस म्हटलंत?"

"वीस म्हटलं. तुझा आवाज एवढा मोठा, वॉल्टर, आणि कान एवढे लहान कसे?"

टीचरबाई खाली बसल्या. वॉल्टरने तीन वार केले. सालोमीने लुगड्याची गाठ सोडली, चार घड्यांची वीसची नोट काढली, पेटीत टाकली आणि हात पुढे केला. सवयीने वॉल्टरने टोपली पुन्हा डोक्यावर नेली.

"आणि मंडळी, या घराच्या रीतीप्रमाणे..."

"वॉल्टर, टोपली खाली घे."

"पण काकी, रीत आहे ना..."

"रीत माझ्या सासऱ्यांची. टोपली माझी. इकडे दे."

वॉल्टरने टोपली दिली. मागून कोणीतरी पुटपुटले, की तुस्कानोंच्या घरात लिलावाची वस्तू चालली. सालोमीने मागे वळूनही पाहिले नाही. "एका जनावराचे एकतीस रुपये देवाला मिळाले," ती म्हणाली. "देवाची तक्रार असेल तर तो मला सांगेल. तुम्ही मध्ये पडू नका."

घरी जाताना तिने टोपली बेसिलच्या हातात दिली नाही. केळीच्या वाड्यांमधल्या अरुंद वाटेने ती पुढे आणि तो मागे, असे दोघे चालत होते. टोपलीतून मधूनच बारीक शीळ ऐकू येत होती.

"आय, तुला कसं कळलं?"

"तुझी पोर तुझ्यासारखी घुमी नाही. तिने बुधवारीच सांगितलं मला. शेपूट नसेल असं वचनही दिलं."

"मग तू काही बोलली नाहीस."

"मला विचारलं कोणी?" ती काही पावले तशीच चालली. मग, मागे न पाहता, कोणाला कामे सांगावीत त्याच आवाजात म्हणाली, "तू नऊ वर्षांचा होतास. बिस्किटांच्या डब्यात खारीचं पिल्लू पाळलं होतंस."

नीट ऐकू यावे म्हणून बेसिल दोन पावले जवळ सरकला.

"बी-भाताच्या पोत्याला भोक पडलं. मला वाटलं, त्यानेच पाडलं. तू शाळेत गेलास आणि मी पिल्लू चिकूवर नेऊन सोडलं. तुला सांगितलं, पळून गेलं. आठवड्याने पोत्यामागे घूस सापडली." तिने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुला सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले. एका जनावराचं देणं मी तुझं लागत होते, बेसिल. तेव्हापासून."

बेसिलने बांधावरचे एक पान तोडले आणि ते हातात घोळवले.

"मला ठाऊक होतं, आय."

"काय ठाऊक होतं?"

"त्या दिवशी मी पेन्सिल विसरलो म्हणून परत आलो होतो. तू चिकूखाली उभी होतीस. पिल्लू केव्हाच वर गेलं होतं, तरी तू वर बघत होतीस. डोळे पुसत होतीस."

सालोमी थांबली. वाट इतकी अरुंद होती की तिला त्याच्याकडे पाहण्यासाठी पूर्ण वळावे लागले. "आणि सत्तावीस वर्षं एक शब्द काढला नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"घुमा," ती म्हणाली आणि पुन्हा चालू लागली. पण आता सावकाश, त्याला बरोबरीने येता यावे अशी कडेने.

घरी मार्गारेटने दोघांना दारात पाहिले, टोपली कोणाच्या हातात आहे ते पाहिले, आणि विहिरीवर जायचा बेत रद्द केला. सालोमीने टोपली खाटेवर ठेवून झाकण काढले. गिनीपिग बाहेर आला, त्याने ब्लँकेट हुंगले, प्लास्टर हुंगले, आणि प्लास्टरवरच चढून बसला. लूर्डसने श्वास रोखून धरला होता. मग ती हसू लागली, आणि हसताना पाय हलू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला.

"भाजीचे देठ आणि गवत," सालोमीने हुकूम सोडला. "माळ्यावर न्यायचा नाही. सापळ्यांपासून लांब. आणि याला उंदीर म्हणायचं नाही, माझ्या घरात."

"मग काय म्हणायचं, मोठी आय?"

"नाव ठेव. नाव असलं की तो उंदीर राहत नाही." मग ती बेसिलकडे वळली. "हे मी तुझ्या हाती दिलं नाही, तुझ्या पोरीच्या हाती दिलं. चालेल?"

"चालेल."

"मग फिटलं की नाही ते नीट सांग. हिच्यासमोर सांग, म्हणजे साक्षीदार राहील."

बेसिलने मुलीकडे पाहिले. भिंतीकडे तिची आता पाठ होती.

"फिटलं, आय," तो म्हणाला. "सगळं फिटलं."