परवलीचा शब्द फुटला त्याची हकीकत

राजमान्य वाचकमंडळींचे खिदमतीस विज्ञापना ऐसीजे. फिन्लंड मुलुखी सरोवराकाठी अध्यापक घडविण्याची शाळा आहे, तेथे शुक्रवारी जे रण माजले त्याची साद्यंत हकीकत लिहिली असे. लाजेखातर कोठे कमी लिहिले असेल, जास्ती लिहिले नाही.

सायमी कोर्तेलाहती म्हणोन उमेदवार शिक्षिका, विद्यापीठात चौथे सालची, अंगी जिद्द फार आणि अक्कल बेताची. तिजवर चौथीचे बावीस लेकरांस परवलीचा शब्द मजबूत कैसा करावा हे शिकविण्याची कामगिरी आली. परीक्षक हेल्लेवी बाईसाहेब पाठीमागे पेन्सिल परजून बैसल्या. त्यांचा शेरा वाईट पडल्यास उमेदवारीचे साल पुन्हा काढणे प्राप्त होते. आणि विद्यापीठाचा दंडक ऐसा की, दाखला आपुले जिण्यातला द्यावा, पुस्तकातला देऊ नये. मग सायमीने फळ्यावर चार शब्द जोडून एक परवली लिहिली, रेनडिअर, लोकरीमोजा, शिडी, दालचिनीपाव, आणि हुकूम केला की वहीत सुवाच्य उतरून घ्यावे. बाविसांनी उतरून घेतले.

मग हिल्क्का नामे पोरीने हात वर केला. तेथील लेकरे शिक्षिकेस 'ओपे' म्हणतात.

"ओपे, हा तुझा खराच पासवर्ड आहे का?"

खोटे बोलू नये हा पाठ सायमीनेच मागले आठवड्यात घेतला होता. "हो," ती म्हणाली, आणि म्हणताच पायाखालची जमीन सरकली. कारण त्या कुलपाआड बाविसांचे गुण आणि आईबापांची खासगी पत्रे होती.

"मग घरी गेल्यावर उघडून बघू ना," हिल्क्का म्हणाली. मनात पाप काही नाही.

सायमी संगणकाकडे धावली. त्या शाळेत जोडे दाराशी काढून मोज्यांवर वावरण्याची चाल, आणि फरशी गुळगुळीत. मग सेनापती घसरत घसरत टेबलावर आदळून दाखल जाहली. लेकरांस फर्मान सुटले की भिंतीकडे तोंडे करावी. त्यांनी केली. आणि ती नवा शब्द घालू लागली. परंतु शिक्षकाची जात, लिहिते ते मोठ्याने बोलते. चार साले तीच सवय तिने मेहनतीने लावून घेतली होती.

भिंतीकडून आवाज आला, "ओपे, 'सौना' ऐकू आलं. पुढचं जरा हळू बोललीस."

सौना म्हणजे त्या मुलुखीची वाफेची न्हाणी, तीही फुटली. ऐसी दुसरी शिकस्त जाहली. बाईसाहेबांची पेन्सिल भराभर चालू लागली, आणि सायमीस रडू कोसळण्याचे बेतात आले. तैशात हिल्क्काने भिंतीकडे तोंड ठेवूनच मसलत दिली.

"तोंडात काहीतरी कोंब ना. बाबा सिनेमा बघताना माझं तोंड तसंच बंद करतात."

कॉफीसाठी आणिलेला दालचिनीपाव टेबलावर होता. सायमीने तो सबंध तोंडात कोंबिला, आणि तिसरा परवलीचा शब्द एक अक्षर न फुटता कुलपी बसला. फत्ते जाहली.

बाईसाहेबांचा शेरा आला तो ऐसा: 'लेकरे पाठ पूर्ण शिकली. शिक्षिका शिकत आहे. पास.'

सोमवारी सायमीने संगणकाचे झाकण उघडिले, तो बावीस लेकरे विनाहुकूम उठली आणि भिंतीकडे तोंडे करून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. शाबास म्हणावे ऐसे फार वाटले, परंतु तोंड पावाने भरलेले, म्हणता येईना.

सदरहू बखर सायमी कोर्तेलाहती हिने स्वहस्ते लिहिली. लिहितेवेळीही तोंडात पाव होता.