कारभारी अण्णांना पटलं पाहिजे

“ढग आलेत, पन कन्व्हिन्सिंग न्हाईत,” असं आभाळाला तोंडावर सुनावणारा माणूस मी तरी एकच पाहिला. आमचे शेजारी, कारभारी अण्णा. कारभारी हे नाव. कारभार म्हणाल तर घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली.

हा इंग्रजी शब्द त्यांना एका बियाणं कंपनीनं दिला. नगरला कुठल्याशा हॉटेलात मेळावा होता. टायवाल्या साहेबानं सांगितलं, विकणाऱ्याचं बोलणं कन्व्हिन्सिंग पाहिजे. वर जेवण आणि टोपी. जेवण जिरलं, टोपी फाटली, शब्द मात्र आमच्या आळीच्या बोकांडी बसला.

मी एकदा विचारलं, “अण्णा, म्हणजे नेमकं काय हो?”

“समोरच्याला आतून पटलं पायजे, सूनबाई. खरं आसो नायतर खोटं. म्हस दूध किती देती हा पुढचा भाग. आदी तिच्याकडं बघून गिऱ्हाइकाला बासुंदी दिसली पायजे.”

मग काय, दिसेल त्याला तोच शब्द. माझी पिठाची गिरणी आहे. पीठ चिमटीत चोळतील आणि म्हणतील, “जरा आनखी कन्व्हिन्सिंग दळा.” एकदा मयतीहून परतताना म्हणाले, “थोरल्या सुनेचं रडनं काय कन्व्हिन्सिंग वाटलं न्हाई.” आणि हे कुणाला, तर त्या सुनेच्या नवऱ्याला! अशा वेळी वाटतं, बैलासारखं या माणसाच्या तोंडाला मुसकं बांधावं.

बरं, बसा म्हटलं तर बसणार नाहीत. एक पाय उंबऱ्यात, एक रस्त्यावर, बोटात गाडीची किल्ली गरागरा. चहासुद्धा उभ्यानं. काम नसलं तरी गाडीला किक मारायची, वेशीपर्यंत जायचं आणि परत यायचं. घरात एकटेच. लेक दिली कोपरगावला. बायको, हिराकाकू, मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या. कशानं, ते अण्णा कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्यांचं पटवणं मात्र खरंच भारी हो. रुसून माहेरी गेलेली बायको, मानपानावरून अडून बसलेला जावई, बांधावरून अबोला धरलेले भाऊ. अण्णा गेले की काम फत्ते. म्हणून सासूबाई हट्टाला पेटल्या तेव्हा मी अण्णांचंच दार वाजवलं.

सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली होती. नगरचे डॉक्टर म्हणाले, आत्ता काढली तर सोपं, थांबलात तर अवघड. आणि आमच्या सासूबाई म्हणतात, “कांदे निघू दे.” कांदे निघाले, तर “गाय विऊ दे.” पोटच्या पोराचं ऐकेनात, तिथं माझं काय ऐकणार? घरात कुणाला घास गोड लागेना. मी दळता दळता रडून घ्यायची. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

अण्णा आले. “वहिनी,” म्हणाले आणि येरझारा घालायला लागले. ओट्यावरून अंगणात, अंगणातून ओट्यावर. मी वाट बघतेय, आता हुकमी डाव टाकतील, मग टाकतील. कसलं काय!

शेवटी सासूबाईच हसल्या. “काय भावजी, पटवायला आलात व्हय? गाय विऊ द्या, मग जाते. तुमीच सांगा, माझं काय चुकतं का?”

“न्हाई चुकत.”

मी कपाळावर हात मारला.

“हिरी बी असंच म्हनली हुती,” अण्णा अंगणाकडं तोंड करून म्हणाले. “तिच्या बी पोटातच हुतं. म्हनली, आदी पोरीचं लगीन होऊ द्या, मग दवाखान्याचं बघू. लई कन्व्हिन्सिंग बोलली. अन् मला पटलं. लगनाच्या धांदलीत मला बी तेच सोयीचं हुतं ना! सोयीचं आसलं की लगेच पटतं मानसाला. पोर सासरी नांदायला लागली, अन् हिकडं हिरी...” अण्णांनी बोटातली किल्ली खिशात टाकली. “सारा बाजार बोलन्यात गुंडाळतो मी, वहिनी. तिचं तेवढं मला पटायला नको हुतं वो.”

आणि गेले, तसेच, चहा न घेता. सासूबाई उठल्या, गायीपुढं वैरण टाकून आल्या.

मग म्हणाल्या, “गायीकडं कोन बघंल?”

“आळी बघेल सगळी,” मी म्हणाले आणि आधी पिशवी भरायला घेतली. बाई पुन्हा फिरल्या तर काय घ्या!

ऑपरेशनच्या दिवशी नको म्हटलं तरी अण्णा नगरला आलेच. व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की नर्स खेकसली. सासूबाईंना सकाळी आत नेलं, आणि आम्ही डबा सोडायच्या आत डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, झालं, गाठ निघाली, घाबरण्यासारखं काही दिसत नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

अण्णा डॉक्टरांसमोर जाऊन उभे राहिले. “एवढंच आसतं व्हय, डॉक्टर?”

“वेळेत आणलं तर एवढंच, बाबा.”

डॉक्टर गेले. अण्णा भिंतीला टेकले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडायला लागले. येणारे-जाणारे थांबून बघत होते. वडीलधारा माणूस, पाठीवर हात ठेवावा की नाही, कळेना. शेवटी ठेवलाच.

“एका सकाळचं काम हुतं, सूनबाई,” ते म्हणाले. “एका सकाळचं.”